पागोळी पडते तिथवर

लेथ विकत घेतला तेव्हा तो ठेवायचा कुठे, हे मी ठरवलंच नव्हतं. माझं हे असंच. आधी उडी मारायची, मग पाणी किती खोल ते बघायचं. घाटकोपरला एक लहानसा कारखाना बंद पडत होता आणि तिथल्या मालकानं आमच्या कंपनीत निरोप धाडला होता, कुणाला जुना लेथ हवा असेल तर बघून जा. चार फुटी, पट्ट्यावर चालणारा, थोडा झिजलेला, पण लोखंड पकडून फिरवणारा चक अगदी सरळ फिरत होता. मी टर्नर. बारा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर दुसऱ्याचं काम केलेलं. तो बघितला आणि माझं डोकं फिरलं. टेंपोत घालून कांदिवलीला आणला आणि घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली ठेवला. बायको मागच्या दारात उभी. म्हणाली, "झालं? आता याला पाळणा कुठे बांधू ते पण सांगा."

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. चारकोपच्या अलीकडे आमच्या कंपनीतल्या कामगारांनी सोसायटी करून दलदलीची जमीन घेतली होती, भराव टाकला होता आणि लहान लहान प्लॉट पाडले होते. ज्याला जसं जमलं तसं त्यानं बांधलं. रंगीत टीव्ही नुकते आले होते आणि अख्ख्या सोसायटीत एकाच घरात होता. सिमेंट परमिटवर मिळायचं. त्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

ताडपत्रीखालच्या लेथवर दोन महिन्यांत गंज धरायला लागला. मी रोज कामावरून आलो की तेलाचं फडकं फिरवायचो, आणि बायको खिडकीतून बघायची. एक दिवस म्हणाली, "माझ्या पाठीला कधी एवढं तेल चोळलं नाहीत." तेव्हा ठरवलं, आता याला शेड बांधायचीच. घरापासून वेगळी, मागे, दहा फूट बाय चौदा. संध्याकाळी दोन तास आणि रविवारी दिवसभर आपलं स्वतःचं काम करायचं. बुश, बोल्ट, मिक्सरचे कपलिंग, उसाच्या चरकाचे दात, जे येईल ते.

उजवीकडचा प्लॉट माझ्या दोस्ताचा होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत, मी मशीनशॉपला, तो पत्राखात्यात. त्यानं वाकवलेल्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी सोडाच, वाफ बाहेर येत नसे. तो सोलापूरकडचा, बौद्ध कुटुंबातला. त्याचे वडील गावाला अजून दुसऱ्यांच्या शेतात राबत होते. जमिनीच्या कागदावर नाव लागलेला त्यांच्या घरातला हाच पहिला. प्लॉटचा कागद मिळाला त्या दिवशी आम्ही दोघं त्या रिकाम्या भरावावर पेपर अंथरून भेळ खात बसलो होतो आणि तो मधेच उठून चारी बाजूंनी चालून आला होता. मी म्हटलं, "काय मोजतोस रे?" तर म्हणाला, "मोजत नाय, नुसता फिरतोय. आपलाच हाय ना, फिरू की."

आमच्या दोन प्लॉटमध्ये कुंपण नव्हतं. कशाला असेल? त्याच्या घरातली मिरची आमच्या अंगणात वाळायची, आमची उशांची कव्हरं त्यांच्या दोरीवर. हद्दीचा एक काळा दगड पुढे रस्त्याकडे होता आणि एक मागे, बस्स. शेडचं त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याहून जास्त खूश झाला. सोसायटीचा नियम होता, हद्दीपासून तीन फूट सोडून बांधायचं. मी म्हटलं, तीन फूट सोडले तर लेथभोवती फिरायला जागा राहत नाही रे. तो म्हणाला, "एक फूट सोड. मी लिहून देतो हरकत नाय म्हणून. आपल्यात काय!" आणि खरंच त्यानं सोसायटीला तसं लिहून दिलं. खाली टपोऱ्या अक्षरात सही.

आणि मग माझे वडील गावाहून आले.

वडील मालवणकडचे, साठीच्या पुढचे. आयुष्यभर गिरणीत काढलं आणि रिटायर होऊन गावी गेले ते पुन्हा मुंबईचं नाव घेईनात. पण मुलगा बांधकाम काढतोय म्हटल्यावर भातकापणी आटोपून थेट हजर. सोबत फणसाच्या लाकडाचा ओळंबा आणि एक पायली तांदूळ. आल्या आल्या चपला न काढता मागे गेले, कमरेवर हात ठेवून जागा बघितली आणि विचारलं, "पाणी खंय सोडतलंस?"

मी म्हटलं, "छपराचं ना? आपल्याच अंगणात. घराकडे उतार देणार."

"मेल्या, तुका काय कळता!" ते म्हणाले. "उतार तिकडे दी." आणि बोट दाखवलं दोस्ताच्या प्लॉटकडे.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या कोकणात घराची हद्द भिंतीवर संपत नाही. पावसात छपरावरून ज्या धारा गळतात त्या पागोळ्या. त्या जिथे जमिनीवर पडतात, तिथवर घरवाल्याची जमीन, असं लोक मानतात. वर्षानुवर्षं पागोळी पडत राहिली की ती जागा त्याची झाली. यापायी भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी लहानपणी बघितलंय. माझे आजोबा एका वळचणीसाठी चौदा वर्षं कोर्टात जात होते. वडील ते अभिमानानं सांगत. "दीड हात जागा होती, पण सोडल्यान नाय." शेवटी आजोबा केस हरले. ते वडील सांगत नसत.

दोस्ताच्या मुलखात पाऊसच बेताचा. तिकडे माळवदाची घरं, वर सपाट माती. पागोळी हा प्रकार त्यानं जन्मात बघितला नव्हता, मग तिच्यावरून भांडण कुठून ठाऊक असणार?

रात्रीच्या जेवणाला वडिलांनी ताटाच्या कडेला भाताचं एक शीत ठेवलं आणि मला हिशोब दाखवला. ही भिंत. हद्द इथून एक फूट. छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच फूट काढायचं. म्हणजे दीड फूट पलीकडे. "पागोळी पडता थंयसर आपला. धा-बारा वर्सां गेली की कोण इचारता?"

बायको भाकरी वाढता वाढता थांबली. ती पण आमच्याच बाजूची, तिला वेगळं सांगायला नको. म्हणाली, "त्यांनीच दोन फुटांची सूट दिलीय आपल्याला. वर हे?"

"तू गप रव," वडील म्हणाले.

तिनं भाकरी त्यांच्या ताटात न ठेवता टोपलीत ठेवली. आणि मी? मी म्हटलं, बघू. माझ्यासारखा भडकू माणूस, जो फोरमनच्या तोंडावर फडकं फेकून आलेला, तो बापापुढे 'बघू' म्हणाला. मला कळत होतं हे चूक आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्याच वेळी दुसरंही एक आलं होतं. दीड फूट म्हणजे ग्राइंडर मावतो.

काम सुरू झालं. गवंडी एक, बिगारी एक, आणि रविवारी दोस्त. जोत्याचा चर खणताना मागचा हद्दीचा दगड आड आला. गवंड्यानं तो उपटून बाजूला टाकला आणि दुसऱ्या दिवशी तो भरावात गेला. मी बघितलं. म्हटलं, नंतर बसवू. दोस्तानंही बघितलं आणि त्याला त्यात काही वाटलं नाही, कारण हद्द कुठे आहे ते त्याला ठाऊकच होतं आणि मलाही ठाऊक होतं. दोघांना ठाऊक असल्यावर दगड कशाला?

लेथ आधी बसवला आणि मग भिंती उभ्या केल्या, हे मात्र आम्ही शहाण्यासारखं केलं. जाड कोबा घातला, बोल्ट गाडले आणि एका रविवारी लेथ गोल पाइपांवरून ढकलत आणला. दोस्त पुढून पाइप लावायचा, मी मागून पहार मारायचो. तीन तास लागले. शेवटी लेथ बोल्टवर बसला तेव्हा त्यानं लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आला, आणि तो ओरडला, "झकास! आता भूकंप आला तरी हलत नाय." त्याच्या बायकोनं सगळ्यांसाठी चहा पाठवला. वडील म्हणाले, "माका चायन पित्त होता." दुसऱ्या रविवारीही पित्त. तिसऱ्या रविवारी तिनं चहा पाठवला नाही, आणि दोस्त माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आज तुमच्याकडचा चहा." वडिलांनी तो दोन कप प्यायला. लाजेनं माझे कान तापले. दोस्तच मला म्हणाला, "जाऊ दे रे. म्हातारी माणसं."

भिंती झाल्या, वासे चढले. अडीच फूट छप्पर बाहेर काढायचं म्हणजे सिमेंटचे पत्रे नुसते अधांतरी राहत नाहीत, वाकतात, तडकतात. खालून टेकू हवेत. वडिलांनी लाकडाचे सुचवले. दोस्त म्हणाला, "लाकूड कुजेल काका. मी अँगलचे ब्रॅकेट बनवतो." आणि चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्यानं सहा ब्रॅकेट बनवले, कोपरे घासून, रेड ऑक्साइड मारून. वडील ते हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. म्हणाले, "कामगार बरो आसा." कौतुक करायला त्यांचं काही जात नव्हतं.

शेवटची रांग चढवायची होती त्या दिवशी शिडीवर तोच होता. मी खालून पत्रा देत होतो. त्यानं पत्रा बसवला, हूकबोल्ट अडकवला, मग मान वाकवून खाली आपल्याच अंगणाकडे बघितलं आणि म्हणाला, "जरा जास्तच बाहेर येतंय ना रे?"

वडील बाजूला विडी ओढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "भिंतीला पाणी लागू नये म्हणून."

"हां, तुमच्याकडे पाऊस जास्त ना," तो म्हणाला आणि नट आवळला.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय. सुपरवायझरला, बायकोला, एकदा पोलिसालाही. पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. आणि काटा अडकला की माणूस काय करतो? भाताचा घास गिळतो. मी जोरात ओरडलो, "चल रे, पुढचा पत्रा घे!"

शिमग्याच्या आधी वडील गावी गेले. जाताना शेडभोवती एक फेरी मारली, दोस्ताच्या बाजूनं वर बघत, आणि मला म्हणाले, "सांभाळ." काय सांभाळायचं ते सांगायची गरज नव्हती. 

शेड मात्र झक्क झाली होती. दाराशी वाइस, खिडकीखाली ड्रिल, भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले आकारानुसार. कामावरून येऊन लेथ चालू केला की माझ्या अंगातला दिवसभराचा राग खाली उतरायचा. बायको म्हणायची, "तुम्ही त्याच्याशी बोलता तेवढं माझ्याशी बोललात तर बरं." दोस्त यायचा, स्टुलावर बसायचा, लोखंडाच्या चिपा उडताना बघायचा. त्याला एक-दोन कामं मीच शिकवली. हात चांगला होता त्याचा.

पावसाळ्यात पागोळ्या पडायला लागल्या. त्याच्या अंगणात, शेडच्या लांबीभर, एका ओळीत खळगे पडले. पत्र्याच्या प्रत्येक नळीखाली एक खळगा. मग त्याची माती वाहून गेली, चिखल झाला, त्याच्या बायकोची कपड्याची दोरी तिथली काढावी लागली. त्यांच्या घराच्या जोत्याला ओल धरली. त्याची बायको मिरची वाळत घालायला आमच्याकडे येईनाशी झाली. पावसाळ्यात मिरची वाळत नाही हे खरं. पण चोराच्या मनात चांदणं.

एका रविवारी तो खळग्यांच्या ओळीपाशी उभा राहून म्हणाला, "अरे, इथं पन्हळ पाहिजे. सोपं आहे. गॅल्व्हनाइज पत्रा घेतो, अर्धगोल वाकवतो, एका टोकाला पाइप सोडू, पाणी तुझ्या बाजूच्या गटारात. एक रविवार लागेल." आणि लगेच हातानं माप घ्यायला लागला.

कोकणातलं पोरही सांगेल, पन्हळ लावली की पागोळी मेली. पाणी पडलंच नाही तर हक्क कुठून सांगणार? वडिलांनी तेही आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, "राहू दे रे, घाई काय आहे. पावसात कुठे वर चढतोस. बघू नंतर."

"मी चढतो. तू नुसतं खालून धर."

"अरे म्हटलं ना, नंतर बघू!"

मी ओरडलोच. त्यानं हात खाली घेतला. पत्राखात्यातला सगळ्यात चांगला कारागीर, फुकटात पन्हळ करून देतो म्हणतोय, आणि समोरचा त्याच्यावर डाफरतोय. त्याला काय वाटलं असेल? म्हणाला, "बरं बाबा. तुझी शेड आहे." त्यानंतर त्या पावसाळ्यात त्यानं पन्हळीचं नाव काढलं नाही. स्वतःच आठ-दहा फुटक्या लाद्या आणून त्या खळग्यांवर टाकल्या.

बायको मात्र मला सोडत नव्हती. पाऊस जोरात आला की खिडकीशी जायची आणि म्हणायची, "पडतंय बघा. आपली जमीन वाढतेय." मी म्हणायचो, "तू जास्त बोलू नकोस." ती म्हणायची, "मी कुठे बोलते? तुम्ही बोलायला हवं, तर तुमच्या तोंडात गूळ." सासऱ्यांबद्दल एवढंच बोलली, की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण पीळ एकट्या त्यांचाच नव्हता. मी मनातल्या मनात रोज सांगायचं ठरवत होतो आणि रोज पुढे ढकलत होतो. सांगायचं काय, तर मित्रा, तुझी दीड फूट जागा मी ढापतोय आणि त्याचे ब्रॅकेट तूच करून दिलेस? हे कुठल्या तोंडानं सांगतात?

दसऱ्याला लेथची पूजा केली. झेंडूचं तोरण चकला, हळदकुंकू मोटरला. दोस्त सहकुटुंब आला, आपट्याची पानं दिली. मला वाटलं, आता सांगावं. पण सणासुदीला कशाला, असं म्हणून ते पण टाळलं.

त्या वर्षी सोसायटीत म्हशींचा फार त्रास झाला. जवळच तबेला होता. म्हशी सरळ आत घुसायच्या, कुणाचं अळू खायच्या, कुणाच्या पायरीवर घाण करायच्या. मीटिंगमध्ये ठरलं की आता प्रत्येकानं आपल्या हद्दीवर भिंत घालायची, आणि भांडणं नकोत म्हणून आधी सगळ्या प्लॉटची मोजणी करून घ्यायची. एक रिटायर्ड मोजणीदार बोलावला. देवगडकडचा माणूस, डोक्यावर टोपी, हातात साखळी आणि काखेत सोसायटीचा नकाशा. एका शनिवारी दुपारी तो आमच्याकडे पोचला. मी आणि दोस्त दोघंही घरी होतो. दोस्तानं भिंतीसाठी विटा आणूनही ठेवल्या होत्या.

पुढचा दगड सापडला. मागचा सापडेना. मोजणीदारानं पायानं माती उकरली, इकडे तिकडे बघितलं. "मागचा दगड कुठं गेला?"

दोस्त हसत म्हणाला, "शेडच्या कामात गेला साहेब. या भिंतीपासून एक फूट. आम्हा दोघांना माहीत आहे."

मोजणीदारानं नकाशा उघडला, भरावावरची मापं त्याच्याशी धड जुळेनात, तेव्हा मिटला. शेडच्या छपराकडे बघितलं. मग खाली, लाद्यांच्या त्या ओळीकडे. आणि माझ्याकडे बघून, अगदी घरच्या माणसासारखं, विचारलं, "खंयचे तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे पागोळी काढूनच बांधलंत," तो म्हणाला. त्याला गंमत वाटली. दोस्ताकडे वळून म्हणाला, "दगड नसला की पागोळीवर हद्द धरतात. मग काय, पागोळीवर मारू खुंटी?"

"पागोळीवर म्हणजे?" दोस्तानं विचारलं.

त्या मोजणीदाराला बिचाऱ्याला काय ठाऊक. त्यानं शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. पाणी कुठे पडतं, का पाडतात, मग काय होतं, छप्पर भिंतीच्या बाहेर एवढं का काढतात, आणि अशी माणसं पन्हळ का लावत नाहीत. सगळं. बोलताना काठीनं एक एक लादी दाखवत होता.

दोस्त ऐकत होता. वर बघितलं, आपल्याच ब्रॅकेटकडे. मग माझ्याकडे. तेव्हाही मला सांगता आलं असतं, साहेब, हद्द भिंतीपासून एक फूट, मारा खुंटी तिथे. एवढं एक वाक्य. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. का? वडिलांची भीती म्हणा, लाज म्हणा. पण त्यात थोडी हावही होती, आणि ती मी आज लपवणार नाही. त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनाचा एक कोपरा वाट बघत होता, की हा काय म्हणतो.

त्यानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो."

"वर चढलो होतो तेव्हा?"

"हो."

त्यानं मान हलवली. ओरडेल, शिवी देईल, कॉलर धरेल असं मला वाटलं होतं, आणि मी ते घेतलंही असतं. तो मोजणीदाराला म्हणाला, "साहेब, खुंटी पागोळीवर नको. पागोळीच्या पलीकडे मारा. अजून एक वीत."

मोजणीदार म्हणाला, "अहो, तुमचं नुकसान आहे त्यात."

"मारा," तो म्हणाला.

खुंटी मारली. तो घरात गेला.

मी आत आलो तेव्हा बायकोनं सगळं खिडकीतून ऐकलं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "उद्या सकाळी ते पत्रे कापा. नाहीतर मी कापते." मी म्हटलं, कापतो. वडिलांना पत्र लिहायला बसलो आणि दोन ओळींवर फाडून टाकलं. मला स्वतःची एवढी शिसारी कधीच आली नव्हती. दोस्ताच्या दारापर्यंत गेलो आणि कडी न वाजवता परत आलो.

रविवारी सकाळी शिडी लावली. आधी ब्रॅकेट काढले, सहाच्या सहा. मग हॅकसॉनं पत्रे कापत गेलो. सिमेंटचा पत्रा कापताना फार धूळ उडते, तोंडाला फडकं बांधून दीड फुटाची पट्टी कापत होतो. घाम डोळ्यांत जात होता. पलीकडे त्याच वेळी दोस्त आणि गवंडी मिळून भिंत घालत होते, त्या नव्या खुंटीच्या रेषेवर. एक थर झाला होता. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. ना तो माझ्याकडे बघत होता, ना मी त्याच्याकडे.

शेवटचा तुकडा पडला तेव्हा मी शिडीवरूनच हाक मारली. म्हटलं, "बघ, कापले सगळे. आता पाणी माझ्यातच पडेल. भिंत मागे घे. जुन्या हद्दीवर घाल. मी गवंड्याला सांगतो, मी थर काढून देतो, पाया पडतो तुझ्या."

तो करणीवरचा माल पुसत उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"दिलेली जमीन कुणी परत घेतं का रे?" तो म्हणाला. "दिवाळीला गावाला जाणार आहे. बापाला सांगणार आहे, मुंबईत मी एका माणसाला जमीन दिली. त्याचा विश्वास बसायचा नाही. म्हणेल, आपण? आपण दिली?"

आणि तो हसला, खरोखरच हसला. मग गवंड्याकडे वळून म्हणाला, "चल, दुसरा थर घे."